थोरला कार्ल : उजेड आणि सावली



भारतातून पाहुणे आले की आखनमध्ये आपण त्यांना आधी डोम दाखवतो. मग प्रश्न येतोच, हा कार्ल कोण? फ्रेंच लोकांचा शार्लमेन तो हाच. बाजीरावांसारखे आपणही त्याला 'थोरला' म्हणू या!

कार्ल ७६८ मध्ये भावाबरोबर फ्रँक लोकांच्या गादीवर बसला आणि ७७१ पासून एकटा राज्य करू लागला. ८०० सालच्या नाताळात पोप लिओ तिसरे यांनी रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट घातला. इथल्या गरम झऱ्यांत पोहायला त्याला फार आवडे. उतारवयात तो आखनलाच राहिला आणि २८ जानेवारी ८१४ रोजी इथेच वारला.

एवढ्या मोठ्या सम्राटाला लिहिता मात्र येत नव्हते. आइनहार्ट हा त्याचा चरित्रकार सांगतो की उशीखाली पाट्या ठेवून तो रिकाम्या वेळी अक्षरे गिरवी, पण उशिरा सुरुवात केल्यामुळे हात काही वळला नाही. आपल्याला इथे अकबर आठवतो. याच कार्लने इंग्लंडच्या अल्क्विन या विद्वानाला दरबारी आणले आणि ७८९ मध्ये मठांतून मुलांसाठी शाळा काढायचा हुकूम दिला. आजच्या रोमन लिपीतली लहान अक्षरे त्याच्या काळच्या वळणातूनच आली आहेत.

आता दुसरी बाजू. सॅक्सन लोकांशी त्याचे युद्ध ७७२ ते ८०४ पर्यंत चालले. ७८२ मध्ये फेर्डेन इथे एका दिवसात ४५०० सॅक्सनांची मुंडकी उडवली, असे त्याच्याच दरबारच्या बखरीत लिहिले आहे. बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड, असा कायदाही त्याने केला. क्षमा शिकवणाऱ्या धर्माच्या नावाने हे झाले! श्रद्धा सक्तीने येत नाही, हे अल्क्विनने ७९६ मध्ये पत्रांतून बजावले. ७९७ चा कायदा बराच सौम्य होता.

पुढे ११६५ मध्ये सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या आग्रहावरून कार्लला संत ठरवले गेले. पण ते करणारा पोप रोमने न मानलेला होता.

डोममध्येही असाच विरोध दिसतो. कार्लने बांधलेला अष्टकोन जाड भिंतींचा आणि मंद उजेडाचा आहे. वरच्या सज्जातले सिंहासन साध्या संगमरवरी फरश्यांचे, त्यावर कसलीही नक्षी नाही. पुढे १४१४ मध्ये पूर्ण झालेला उंच काचांचा भाग मात्र उजेडाने भरलेला असतो. अष्टकोनातून आल्यामुळेच तो उजेड डोळ्यांत भरतो. ख्रिस्ती श्रद्धेतही गुड फ्रायडेच्या काळोखाशिवाय ईस्टरचा आनंद कळत नाही.

पण सावलीमुळे उजेड नीट दिसतो, म्हणून उजेडाने सावली पुसली जात नाही. शाळा काढल्या म्हणून फेर्डेन माफ होत नाही आणि फेर्डेनमुळे शाळा खोट्या ठरत नाहीत. थोर माणसांची चरित्रे वाचताना, अगदी आपल्या थोरांचीही, दोन्ही बाजू शेजारी ठेवाव्यात असे आम्हाला वाटते.

कार्लच्या अस्थी १२१५ सालच्या सोनेरी पेटीत, त्याच काचांच्या उजेडात आहेत. सिंहासन मात्र गाइडबरोबरच पाहता येते. पुढच्या वेळी पाहुण्यांना दोन्ही दाखवा, आणि फेर्डेनची गोष्टही सांगा.