व्हाइटने न वाचलेले कलम?

जत शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या एका बागाईतदार खातेदारांची पॉइंट टू-टू रायफल अडून बसली. वर्षानुवर्षे त्यांनी तिच्यात आखूड ‘शॉर्ट’ काडतुसेच वापरली होती. एकदा ‘लाँग रायफल’ जातीचे घातले, बार उडाला आणि पुंगळी बाहेर येईना. दोन्हींचा घेर एकच, फरक लांबीचा. शॉर्टची पुंगळी जिथे संपते त्यापुढे जळकी दारू आणि शिसे यांचे कडे साचते. लांब पुंगळी नेमकी त्यात रुतते. त्या पुंगळीच्या पाठीमागे जाता जाता मी डॅनिएल वेसनपाशी पोहोचलो.

वेसन १८२५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. थोरला भाऊ एडविन बंदुका घडवी. त्याच्या हाताखाली तो शिकला. पुढे होरेस स्मिथशी भागी जमली. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ मध्ये बुडाच्या कडेत स्फोटक असलेले चिमुकले काडतूस काढले होते. या दोघांनी त्याची पुंगळी लांबवून आत दारू भरली आणि १८५७ मध्ये त्यासाठी सात बारांचे रिव्हॉल्व्हर आणले. तेच आजचे ‘शॉर्ट’.

पण आरपार भोकांच्या सिलिंडरचे पेटंट होते रोलिन व्हाइटचे. १८५६ मध्ये करार झाला : दर रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट; मात्र नक्कल करणाऱ्यांवरचे खटले त्यानेच स्वखर्चाने लढायचे. मी जन्मभर कर्जाचे दस्तऐवज वाचले, तरी हे कलम वाचून थबकलो. यादवी युद्धात मागणी वाढली, नकला वाढल्या, व्हाइट कोर्टात झिजला. १८६९ मध्ये पेटंट संपले. मुदतवाढीच्या फेरविचाराचे विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये परत पाठवले. वेसन धनाढ्य झाला, स्प्रिंगफील्डला इस्पितळे उभारली आणि १९०६ मध्ये वारला. कायद्याने त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. मला मात्र व्हाइटच आठवत राहतो.

१८८७ मध्ये ‘लाँग रायफल’ आले, १९५९ मध्ये ‘मॅग्नम’. मॅग्नमची पुंगळी जाड. ती लाँग रायफलच्या चेंबरमध्ये जातच नाही. उलट, लाँग रायफल मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसते आणि पुंगळी फाटते. नळीवर कोरलेले नाव वाचूनच काडतूस निवडावे.

जतची रायफल कारागिराने ब्रशने घासून तासाभरात मोकळी केली. व्हाइटला अशी सुटका मिळाली नाही.