पास्कलने दाजींना डोंगरावर पाठवलं आणि हवेच्या दाबाचं कोडं सुटलं

पंक्चरवाला टायरमध्ये ३२ हवा भरतो. डॉक्टर बीपी १२०-८० सांगतात. चक्रीवादळाच्या बातमीत ९८० हेक्टोपास्कल असं काहीतरी असतं. तिन्ही आकडे दाबाचेच. पहिला पीएसआयमध्ये, दुसरा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणि तिसऱ्यात थेट एका माणसाचं नाव, ब्लेझ पास्कल.

पास्कलचा जन्म १६२३ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील करवसुलीच्या कामात होते. त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून पोराने विशीच्या आत बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बनवायला घेतलं. तब्येत मात्र कायम नाजूक.

त्याच सुमारास इटलीत टॉरिसेलीने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा खाली आला आणि साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबला. त्याला कोण धरून ठेवतंय? बाहेरच्या हवेचं वजन, असं टॉरिसेलीचं मत होतं. पण पटवायचं कसं?

पास्कलने साधा विचार केला. वजन हवेचं असेल तर उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणजे पाराही खाली यायला हवा. तो स्वतः पॅरिसमध्ये होता, म्हणून त्याने क्लेरमाँला राहणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरँ पेरिएला पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी हे दाजी नळ्या आणि पारा घेऊन जवळच्या प्वी द डोम डोंगरावर चढले. एक नळी खाली मठात ठेवली होती, तिच्यावर दिवसभर एक साधू नजर ठेवून होता. खालचा पारा हलला नाही. माथ्यावरचा सुमारे साडेआठ सेंटीमीटरने खाली आला होता. (ही कल्पना मुळात आपलीच, असा दावा नंतर देकार्तने केला. श्रेयाची भांडणं तेव्हाही होती.)

एककं बदलण्याचं गणित इथूनच निघतं. पाऱ्याच्या स्तंभाची उंची, पाऱ्याची घनता आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला की दाब मिळतो. ०.७६ मीटर गुणिले १३,५९५ गुणिले ९.८०६६५ केलं की येतात सुमारे १,०१,३२५ पास्कल, म्हणजेच १ ॲटमॉस्फिअर. १ मिलिमीटर पारा म्हणजे १३३.३ पास्कल, त्यामुळे १२० चं बीपी होतं जवळपास १६,००० पास्कल. १ पीएसआय म्हणजे ६,८९५ पास्कल, म्हणून टायरमधले ३२ होतात सुमारे २ लाख २१ हजार. हेक्टोपास्कल म्हणजे सरळ १०० पास्कल.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. टायर आणि बीपीचे आकडे बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे ते सांगतात. हवामानाचा आकडा पूर्ण दाबाचा असतो. त्यामुळे नुसतं एकक बदलून टायरची तुलना वादळाशी करता येत नाही.

१६५४ नंतर पास्कल धर्मचिंतनाकडे वळला. १६६२ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी, बहिणीच्याच घरी तो गेला. द्रव आणि हवेच्या दाबावरचं त्याचं लिखाण दाजींनी पुढच्या वर्षी छापून आणलं. दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळायला मात्र १९७१ उजाडलं. आता बीपीच्या बऱ्याच मशीनमधून पारा गेलाय, तरी डॉक्टर अजून मिलिमीटरच सांगतात.