सार्जंट विल्यम कार्नी

रणांगणावर घायाळ झालेल्या शिपायाच्या जखमेची कदर कोणी करावी व केव्हा करावी, हा प्रश्न आपल्या मुलखास नवा नाही. अफझलखानाच्या स्वारीनंतर शिवछत्रपतींनी जखमी लोकांस, ज्याची जशी जखम त्याप्रमाणे, होन वाटून दिल्याचे सभासदाने लिहून ठेविले आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत निराळाच प्रकार झाला. खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात व कोरेगावची १८१८ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस झाली. ह्या लढायांत कंपनीच्या बाजूने लढलेल्या शिपायांकरिता पदक मंजूर झाले ते १८५१ साली, आणि तेही त्या वेळी जे हयात होते त्यांच्यापुरतेच. मधल्या तेहतीस-चौतीस वर्षांत किती जण आपल्या जखमांसह मातीआड झाले असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ज्याचे चरित्र आम्ही आज सांगणार आहोत, त्याला ह्याहूनही अधिक, म्हणजे सदतीस वर्षे थांबावे लागले. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, अमेरिकेत काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांस अर्पण केले, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्या मुक्तीच्या युद्धात खुद्द काळ्या लोकांनीही आपले रक्त सांडले होते. सार्जंट विल्यम कार्नी हा त्यांच्यापैकीच एक होय.

कार्नीचा जन्म २९ फेब्रुवारी १८४० रोजी व्हर्जिनिया प्रांतातील नॉर्फोक गावी गुलामाच्या घरात झाला. त्या प्रांतात काळ्या लोकांना जमवून लिहिणे-वाचणे शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. तरीही चौदा वर्षांच्या सुमारास एका धर्मोपदेशकाने गुप्तपणे चालविलेल्या शाळेत जाऊन ह्या मुलाने अक्षरओळख करून घेतली. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या पाटीपुस्तकाचा आपणांस कधी कधी कंटाळा येतो, तेच हाती धरण्यासाठी ह्या पोराला चोरासारखे लपून जावे लागत होते. त्याचा बाप दास्यातून निसटून उत्तरेकडे गेला व पुढे सारे कुटुंब मॅसॅच्युसेट्स प्रांतातील न्यू बेडफोर्ड ह्या बंदरात स्थायिक झाले. देवमाशांच्या शिकारीला निघणाऱ्या गलबतांकरिता हे बंदर तेव्हा प्रसिद्ध होते. धर्मोपदेशक व्हावे, अशी तरुण कार्नीची मनीषा होती. इतक्यात युद्ध पेटले, आणि देशाची व आपल्या पीडित बांधवांची सेवा केल्यानेच देवाची सेवा घडेल असे ठरवून तो फेब्रुवारी १८६३ मध्ये लष्करात दाखल झाला.

ही पलटण म्हणजे मॅसॅच्युसेट्सची चोपन्नावी. शिपाई सारे काळे, अंमलदार सारे गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा अवघ्या पंचवीस वर्षांचा तरुण तिचा मुख्य होता. प्रसिद्ध वक्ता फ्रेडरिक डग्लस ह्याचे दोन मुलगेही तीत होते. काळा माणूस तोफांपुढे टिकाव धरील काय, ह्याविषयी उत्तरेतही शंका घेणारे पुष्कळ होते.

ती शंका फिटली १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेट आहे. तेथे शत्रूने वाळूचा एक बळकट किल्ला उभारिला होता. त्याचे नाव फोर्ट वॅग्नर. किल्ल्याकडे जाण्यास एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला दलदल ह्यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी होती. आमच्या पूर्णा-भिवंडीकडील ज्या मुलांनी खाडीकाठच्या खारभूमीतील बांध पाहिला आहे, त्यांना ह्या वाटेची कल्पना सहज येईल. पाऊल चुकले की चिखल, आणि समोरून तोफा! दोन दिवस धड अन्न नाही, झोप नाही, अशा स्थितीत सुमारे सहाशे शिपाई सर्वांच्या पुढे होऊन त्या वाटेने धावले.

धावता धावता राष्ट्राचे निशाण धरणारा शिपाई कोसळला. कार्नीने आपली बंदूक टाकली, निशाण उचलले व तो तटापर्यंत जाऊन पोचला. तेथे निशाण रोवून, गुडघे टेकून, तो बऱ्याच वेळपर्यंत गोळ्यांच्या वर्षावात राहिला. आजूबाजूला प्रेतांवाचून दुसरे कोणी उरले नाही. अंधारात माणसांची एक रांग येताना दिसली; आपलीच माणसे आली असे वाटून तो उठणार, तोच ती शत्रूची असल्याचे त्याने ओळखले. मग निशाण काठीभोवती गुंडाळून तो कमरेएवढ्या पाण्याच्या खंदकातून मागे फिरला. एक गोळी लागली, दुसरी लागली. पाय, छाती व हात घायाळ झाले, एक गोळी डोक्याला चाटून गेली. वाटेत न्यूयॉर्कच्या पलटणीतील एक शिपाई भेटला. त्याने आधार दिला व निशाण आपणाकडे देण्याविषयी विनविले. परंतु आपल्या पलटणीखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती ते द्यावयाचे नाही, असा कार्नीचा निश्चय होता. प्रसंगी एका गुडघ्यावर सरपटत तो आपल्या लोकांत परत आला. निशाण भुईला टेकू दिले नाही, एवढेच सांगून तो खाली कोसळला.

त्या रात्री चोपन्नाव्या पलटणीचे २७२ शिपाई ठार, जखमी अथवा बेपत्ता झाले. कर्नल शॉ तटावरच पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. ह्यात त्याची मानहानी होईल अशी त्यांची समजूत होती. परंतु आपल्या मुलाला तेथून हलवू नये, असे त्याच्या बापाने कळविले. किल्ला त्या दिवशी पडला नाही. सप्टेंबरात शत्रूने तो आपण होऊनच सोडिला.

ह्या पलटणीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत. काळ्याला १० डॉलर ठरले, आणि त्यांतूनही कपड्यांचे म्हणून ३ वजा होत. चोपन्नाव्या पलटणीने हा कमी पगार घेण्याचे नाकारले. उरलेली रक्कम आपण भरून देतो, असे प्रांताचे सरकार म्हणाले. तीही त्यांनी नाकारली. घरी बायकामुले उपाशी, तरी सुमारे दीड वर्ष ते बिनपगारी लढले. अखेर १८६४ च्या जूनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस जखमांमुळे कार्नीला लष्कर सोडावे लागले.

ज्यांनी पगाराकरिता इतका हट्ट धरिला, त्यांच्यातीलच हा सार्जंट सन्मानाच्या बाबतीत मात्र मुका राहिला. लढाईनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १८६३ मध्ये, वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याने निशाणाची हकीकत एका पत्रात लिहून दिली होती. पुढे १८९१ साली पलटणीतील कॅप्टन एमिलिओ ह्याने तिचा इतिहास छापला. म्हणजे पुरावा कागदावर होता, साक्षीदार जिवंत होते, जखमा अंगावर होत्या.

मग इतका उशीर का झाला? जखमेबद्दल म्हणून द्यावयाचे पदक त्या काळी अमेरिकेत नव्हतेच. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ साली शिपायांच्या गुणगौरवार्थ जांभळ्या कापडाचे हृदयाकृती चिन्ह काढिले होते. ते पुढे विसरले गेले. जखमी वीरांचे पदक ह्या स्वरूपात त्याचे पुनरुज्जीवन झाले १९३२ साली, आणि तेव्हा पहिल्या महायुद्धातील कित्येक जुन्या शिपायांनी चौदा वर्षांपूर्वीच्या जखमांचे दाखले जोडून अर्ज केले. कार्नीच्या काळी होते ते १८६२ साली निघालेले मेडल ऑफ ऑनर; ते जखमेसाठी नव्हे, पराक्रमासाठी दिले जाई. पुष्कळदा तेही आपोआप येत नसे. त्याकरिता कोणी तरी युद्धखात्याचे दार ठोठवावे लागे. १८९० नंतर अशा अर्जांचा पूर लोटला, तेव्हा १८९७ साली पुराव्याचे नियम कडक करावे लागले.

केवळ वर्णामुळेच कार्नी मागे राहिला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही; शेकडो गोऱ्या शिपायांची पदकेही अशीच उशिरा निघाली, आणि १८६४ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियात लढलेल्या १४ काळ्या शिपायांपैकी बहुतेकांस तर पुढच्याच वर्षी पदके मिळाली. पण त्यांच्याही आधी ज्याने पराक्रम केला, तो मात्र दुर्लक्षित राहावा, ह्याचे आम्हांस नवल वाटते. वर्ण, अनास्था व त्याचा स्वतःचा अबोल स्वभाव ह्या तिन्हींचा ह्यात वाटा असावा, असे आमचे मत आहे.

मधल्या वर्षांत कार्नी काय करीत होता? १८६५ साली त्याचे लग्न झाले. न्यू बेडफोर्डच्या रस्त्यांवरील दिव्यांची व्यवस्था त्याने काही दिवस पाहिली, कॅलिफोर्नियात जाऊन नशीब अजमावले, आणि १८६९ साली परत येऊन तो टपालवाला झाला. गोळी लागलेल्या पायाने ३२ वर्षे तो गावातील लोकांची पत्रे घरोघर पोचवीत होता. टपालवाल्यांची संघटना गावात निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत तो होता. १८९७ साली बोस्टन शहरी कर्नल शॉ व त्याची पलटण ह्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभात कार्नी निशाण हाती घेऊन उभा राहिला, तेव्हा सर्व सभा उठून जयघोष करू लागली. म्हणजे लोकांनी त्याला पदक देऊन टाकिले होते. सरकारचे तेवढे राहिले होते.

ते २३ मे १९०० रोजी मिळाले. कार्नी तेव्हा साठ वर्षांचा होता. मिळालेल्या मानाविषयी कोणी विचारल्यास, आपण केवळ आपले कर्तव्य केले, एवढेच तो म्हणे. १९१७ साली सरकारने जुन्या पदकांची कसून छाननी केली व ९११ नावे यादीतून खोडली. कार्नीचे नाव कायम राहिले.

टपालाची नोकरी संपल्यावर तो बोस्टन येथे प्रांताच्या सरकारी कचेरीत निरोप्याचे काम करीत असे. १९०८ साली तेथील लिफ्टच्या अपघातात त्याचा पाय चिरडला आणि डिसेंबर महिन्यात त्याचा अंत झाला. गव्हर्नर किंवा तशाच मोठ्या अधिकाऱ्याच्या मृत्यूखेरीज कधी न उतरणारे सरकारी कचेरीवरील निशाण त्या दिवशी ह्या निरोप्यासाठी अर्ध्यावर उतरविण्यात आले. न्यू बेडफोर्डच्या ओक ग्रोव्ह स्मशानभूमीत त्याची कबर आहे. तिच्या दगडावर त्या पदकाची आकृती कोरलेली आहे.