नाताळला मराठी चाल देणारा कवी

डिसेंबर उजाडला की आपली मुलेही बर्फातल्या घसरगाडीचे ते इंग्रजी गाणे गुणगुणू लागतात. गंमत अशी की, १८५७ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या त्या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही! आपल्याकडे मात्र नाताळची गाणी मराठी मुलांच्या तोंडी मराठी होऊन यावीत, यासाठी एका कवीने आयुष्य वेचले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकला संस्कृत शिकले, कीर्तने केली, कविता लिहिल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरादारावर जणू वीज कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मुलाफुलांचे कवी म्हणून ज्यांची ओळख, त्या माणसाला स्वतःच्या मुलाचे बोबडे बोल दुरावले होते. ही किंमत लहान नव्हती. पुढे संसार पुन्हा जुळला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला म्हणून भाषा, चाली आणि देश का सोडावा, हा टिळकांचा खरा प्रश्न होता. त्या काळी देवळात साहेबी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते फार. मराठी शब्दांची त्यात ओढाताण व्हायची. नगरला स्थायिक झालेल्या टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन ही ज्ञानोबा-तुकोबांची वाट ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांची कितीतरी पदे ‘उपासना संगीत’ या संग्रहात आहेत.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे जालन्यात गेली. या जिल्ह्याला मिशनची जुनी परंपरा. जालन्याजवळचे बेथेल गाव एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेले. एका नाताळच्या आदल्या रात्री मुलांची टोळी पेटी, टाळ आणि ढोलकी घेऊन दारोदार भजने म्हणत फिरत होती. आमच्या शेजारच्या माळकरी आजी ओट्यावर येऊन बसल्या आणि नकळत टाळीचा ठेका धरू लागल्या. शब्द येशूजन्माचे होते, पण चाल त्यांच्या ओळखीची होती. टिळकांनी काय साधले, ते मला पुस्तकांआधी त्या टाळीने सांगितले.

मुलांवर त्यांचा जीव होता. पोरक्या मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळे. कोवळ्या वयाच्या बालकवी ठोंबऱ्यांनाही त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता तर शाळेत पाठ करताना कित्येक पिढ्यांचे डोळे पाणावले. ती लिहिणाऱ्याचा धर्म कोणता, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

येशूचरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी १९०९ साली हाती घेतले, पण ते अपुरेच राहिले. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लग्नानंतर ज्यांनी त्यांच्याकडूनच अक्षरे गिरवली, त्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पतीचे काम पुढे नेले. आणि एके काळी बापाला दुरावलेला तो दत्तू? तेच देवदत्त टिळक. मोठेपणी ते ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे संपादक झाले.