पॉल ब्रोका : जुबान बंद झाली म्हणजे अक्कल जात नाही

घरातल्या बुजुर्गांना फालिज म्हणजे लकवा होतो. उजवा हात-पाय निकामी होतो, जुबानही बंद पडते. भेटायला आलेले लोक मग त्यांच्यासमोरच बोलतात की, आता यांना काही समजत नाही. आमच्या माहुलच्या इमारतींतही हे नेहमी ऐकायला मिळतं. असं बोलण्याआधी आपण पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरची ओळख करून घेऊ या.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी बोर्दो शहराजवळच्या एका छोट्या गावात झाला. वडील डॉक्टर होते. घराणं प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक फ्रान्समध्ये अल्पसंख्याक. सतराव्या वर्षी ते पॅरिसला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले आणि नामवंत सर्जन झाले. १८५९ मध्ये त्यांनी मानवशास्त्राची एक संस्था काढली. सरकारला तिचा इतका संशय, की तिच्या सभांना एक पोलीस अधिकारी हजर असायचा.

त्या काळी एक वाद जोरात होता : मेंदू सगळा मिळून काम करतो, की प्रत्येक भागाचं काम वेगळं? प्रश्न जुनाच होता. इब्न सिना (९८० ते १०३७) यांनी मेंदूच्या पुढच्या भागात इंद्रियांचं ज्ञान, मधल्या भागात विचार आणि मागच्या भागात हाफिजा, म्हणजे स्मरणशक्ती, मानली होती. पण पक्का पुरावा कुणाकडेच नव्हता.

तो मिळाला एका गरीब कारागिरामुळे. लबोर्न हे बुटांचे लाकडी साचे बनवायचे. लहानपणापासून त्यांना मिरगीचा आजार होता. तिशीत त्यांची वाचा गेली आणि ते पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात दाखल झाले. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘तान, तान’. लोक त्यांना तान म्हणूनच ओळखू लागले. पुढे त्यांची उजवी बाजूही लुळी पडली.

एप्रिल १८६१ मध्ये पाय सडल्यामुळे त्यांना ब्रोकांच्या वॉर्डात आणलं गेलं. इथे किती वर्षं आहात, असं ब्रोकांनी विचारलं. लबोर्ननी डाव्या हाताची पाचही बोटं चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट. एकवीस वर्षं, अगदी बरोबर! तोच सवाल पुन्हा पुन्हा विचारल्यावर ते चिडले. आपली परीक्षा घेतली जातेय, हे त्यांना कळलं होतं. बोली गेली होती, समज शाबूत होती.

१७ एप्रिलला लबोर्न वारले. ब्रोकांनी त्यांचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, कोंबडीचं अंडं मावेल एवढी पोकळी होती. काही महिन्यांनी लेलाँग नावाच्या वृद्धाच्या मेंदूतही त्याच ठिकाणी बिघाड आढळला. आणखी रुग्ण तपासून १८६५ मध्ये ब्रोकांनी मांडलं की, बहुतेक माणसांत शब्द उच्चारण्याचं काम मेंदूची डावी बाजू सांभाळते. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून उजव्या बाजूच्या लकव्यात वाचा अनेकदा जाते. त्या भागाला आज ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात. १८७४ मध्ये जर्मनीच्या वेर्निके यांनी शब्द समजण्याचा भाग वेगळा असल्याचं दाखवलं. म्हणजे काही रुग्णांची समजही बिघडते. पण तपासल्याशिवाय तसं ठरवायचं नाही.

ब्रोकांची एक बाजू मात्र आपण लपवू नये. कवट्या आणि मेंदू मोजून त्यांनी स्त्रियांना आणि इतर वंशांना कमी लेखलं. ते साफ चुकीचं ठरलं. मोठ्या आलिमाचीही प्रत्येक गोष्ट तपासूनच घ्यावी लागते. १८८० मध्ये ते फ्रान्सचे सिनेटर झाले आणि त्याच वर्षी ९ जुलैला, ५६ व्या वर्षी, वारले.

लबोर्न जे एकवीस वर्षं सांगू पाहत होते, ते ब्रोकांनी ऐकलं. आपणही ऐकू या. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर दमदुआ जरूर करा, पण रुग्णालय त्याच घडीला गाठा. नंतर वाचा-उपचार सुरू करा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. घरी अब्बांना हो-नाहीत उत्तर देता येईल असे सवाल विचारा, इशाऱ्याला वेळ द्या. आणि त्यांच्यासमोर, यांना काही कळत नाही, असं कधी म्हणू नका. बहुधा ते सगळं ऐकत असतात.