आदोल्फ दे प्लेव्हित्झ आणि ९,४०१ जुने मजूर

आपल्या पूर्वजांसाठी ज्यांनी मार खाल्ला, ते आदोल्फ दे प्लेव्हित्झ ना मराठी होते, ना भारतीय. त्यांचा जन्म १८३७ साली पॅरिसमध्ये झाला. १८५८ मध्ये ते मॉरिशसला आले आणि पुढे नुव्हेल देकुव्हेर्त येथील सासऱ्यांचा मळा सांभाळू लागले.

त्या काळी मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून आलेल्या मजुराचे पाच वर्षांचे गिरमिट संपले, तरी तो मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने अशा प्रत्येक जुन्या मजुराला स्वतःची तसबीर लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. पास हरवला तर नव्यासाठी पैसे भरा. तो घरी विसरला, तर भटक्या म्हणून पोलीस धरून नेत. गिरमिटाखालच्या मजुराने एक दिवस खाडा केला, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. चोरी नाही, मारामारी नाही, तरी साधा माणूस गुन्हेगार ठरे. पुन्हा गिरमिट लिहून दिले की पोलिसांचा जाच टळे. मळ्यांना मजूर कमी पडू नयेत, हेच त्यामागचे कारण होते.

प्लेव्हित्झ स्वतः मळेवाल्यांपैकी होते. गप्प बसले असते, तर त्यांचे काहीच बिघडले नसते. पण त्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि अर्ज लिहिला. राजरत्नम् मुदलियार यांनी त्यांना साथ दिली. जून १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांचा तो अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला.

मळेवाले खवळले. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात त्यांच्यापैकी एकाने प्लेव्हित्झ यांना मारहाण केली. त्यांना हद्दपार करा, अशी मागणी झाली. गव्हर्नरांनी ती मानली नाही. १८७२ मध्ये फ्रेअर आणि विल्यमसन यांचा शाही आयोग चौकशीला आला. त्याचा अहवाल १८७५ मध्ये निघाला आणि १८७८ मध्ये मजुरांसाठी नवा कायदा झाला. तोवर प्लेव्हित्झ हे बेट सोडून गेले होते. ते फिजीला गेले. १८९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना ९,४०१ हा आकडा पाठ करायला लावते. प्लेव्हित्झ एकटे होते, म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण ज्यांना उद्या पुन्हा त्याच मळ्यावर, त्याच पोलिसांसमोरून जायचे होते, त्यांनीही त्या अर्जावर आपले नाव घातले. ती आपलीच माणसे होती. शंभर वर्षांचा हा सोहळा करताना त्यांनाही नमस्कार करू या.