कार्ल जान्स्की : खरखरीचा माग काढणारा

रेडिओवर दूरचें स्टेशन लावूं गेलें म्हणजे गाण्याच्या अगर भाषणाच्या मागें एक खरखर ऐकूं येते, हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. आपण वैतागून बटण फिरवितों, एरियलची तार हालवून पाहतों, आणि तरीहि ती गेली नाहीं तर यंत्र बंद करून उठतों. या खरखरीचें मूळ शोधण्याचें काम ज्याला नोकरी म्हणून सांगण्यांत आलें होतें, आणि तें काम पुरें झाल्यावरहि मागें उरलेल्या एका बारीक आवाजाचा पिच्छा ज्यानें सोडला नाहीं, त्या कार्ल जान्स्कीचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

कार्ल गुथे जान्स्की याचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजीं अमेरिकेंतील नॉर्मन या गांवीं झाला. तो मुलूख त्या वेळीं ओक्लाहोमा टेरिटरी म्हणून ओळखला जाई. त्याला राज्याचा दर्जा पुढें १९०७ सालीं मिळाला. वडील सिरिल जान्स्की हे तेथील विद्यापीठांत इंजिनिअरिंगचे अध्यापक होते. त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावणारे प्रोफेसर कार्ल गुथे यांजवर त्यांची इतकी भक्ति, कीं मुलाला त्यांनीं गुरूचेंच नांव ठेविलें. कार्ल लहान असतांनाच हें कुटुंब विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन येथें राहावयास गेलें. सहा भावंडांत कार्ल तिसरा. थोरला भाऊ पुढें रेडिओचा नामांकित इंजिनिअर झाला. घरांत वीज, लहरी आणि यंत्रें यांचीच चर्चा. कार्लनें १९२७ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदार्थविज्ञानांतील पदवी घेतली. बर्फावरील हॉकी तो चांगली खेळे. परंतु याच विद्यार्थिदशेंत त्याला मूत्रपिंडाचा चिवट विकार जडल्याचें उघडकीस आलें, आणि त्या विकारानें जन्मभर त्याची पाठ सोडली नाहीं.

१९२८ सालीं त्यानें बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत नोकरीसाठीं अर्ज केला. प्रकृतीचें कारण दाखवून कंपनी त्याला घेण्यास कां कूं करूं लागली. थोरल्या भावाच्या तेथें ओळखी होत्या. त्यानें शब्द टाकला आणि काम झालें. मात्र शहरांतील धांवपळ झेपणार नाहीं म्हणून त्याला न्यू जर्सी राज्यांतील खेड्यांकडच्या केंद्रावर पाठविण्यांत आलें, प्रथम क्लिफवूड येथें व नंतर होमडेल येथें. आजारी माणसावर दया म्हणून दिलेली ही जागा शांत, मोकळी आणि विजेच्या गोंगाटापासून दूर होती. त्याच्या हातून पुढें जें घडावयाचें होतें त्याला याहून सोयीची जागा क्वचितच मिळाली असती.

काम काय होतें तें पाहूं. १९२७ पासून न्यूयॉर्क व लंडन यांच्यामध्यें बिनतारी टेलिफोन सुरू झाला होता. प्रथम तीन मिनिटांच्या संभाषणाला ७५ डॉलर पडत. आणि इतकें द्रव्य मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला मधूनमधून नुसती कडकड ऐकूं आली तर तो संतापणारच. आंखूड लहरींवर हें संभाषण चालवावयाचें तर त्यांत व्यत्यय आणणारी खरखर कोणत्या दिशेनें आणि कोणत्या वेळीं येते हें आधीं कळलें पाहिजे, म्हणजे एरियलची पाठ त्या दिशेकडे करतां येईल. ही दिशा शोधून काढण्याचें काम पंचविशीच्या आंतबाहेरच्या जान्स्कीकडे आलें. त्याचे वरिष्ठ हॅरल्ड फ्रीस हे मूळचे डेन्मार्कचे, आणि ग्राहक यंत्रें बांधण्यांत मोठे वाकबगार.

जान्स्कीनें उभारलेलें एरियल पाहून गांवकऱ्यांना हंसूं येत असल्यास नवल नाहीं. सुमारें १०० फूट लांब व २० फूट उंच असा पितळी नळ्यांचा व लांकडाचा सांगाडा. त्याची रचना एडमंड ब्रूस या सहकाऱ्याच्या कल्पनेची होती. हा सगळा डोलारा फोर्डच्या जुन्या मोटारीच्या चार चाकांवर ठेवून एका मोटरनें वर्तुळांत फिरविला जाई. एक फेरा वीस मिनिटांत पुरा होई. सहकारी त्याला जान्स्कीचा जत्रेंतला पाळणा म्हणत. तें १४·६ मीटर लांबीच्या, म्हणजे सेकंदास सुमारें २ कोटी ५ लाख कंपनें असलेल्या लहरी पकडी. जवळच्या खोपट्यांत ग्राहक यंत्र, आणि त्याला जोडलेली एक लेखणी सरकत्या कागदावर आवाजाचा चढउतार रात्रंदिवस रेखीत बसे.

१९३१ च्या उन्हाळ्यापासून नोंदी नियमितपणें होऊं लागल्या. कागदांचे ढीग चाळतां चाळतां जान्स्कीनें खरखरीचे तीन प्रकार वेगळे केले. पहिला प्रकार जवळच्या वादळांतील विजांचा. दुसरा फार दूरच्या वादळांचा; त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आपटून परत येत. कंपनीला हवें होतें तें उत्तर या दोहोंत बहुतेक आलेंच होतें. परंतु तिसरा प्रकार राहिला. ती कडकड नव्हे, तर अगदीं मंद, एकसारखी सूं-सूं होती. ग्राहक यंत्राच्या स्वतःच्या आवाजाहून ती कानांनीं वेगळी ओळखणेंहि कठीण.

येथें थोडें थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. प्रत्येक ग्राहक यंत्राला स्वतःचा असा आवाज असतोच. त्याच्या तारांतील आणि नळ्यांतील विद्युत्कण स्वस्थ बसत नाहींत. मग ऐकूं येणारी सूं-सूं यंत्राच्या पोटांतली कीं बाहेरची, हें ओळखावें कसें? जान्स्कीपाशीं त्याचें साधें उत्तर होतें. यंत्राच्या पोटांतील आवाजाला पूर्वपश्चिम ठाऊक नसते. एरियल कोणीकडेहि वळवा, तो तेवढाच राहील. परंतु कागदावरील रेघ दर फेऱ्यांत एका ठराविक दिशेला चढे आणि पुढें उतरे. तेव्हां ही सूं-सूं बाहेरून येत होती यांत संशय उरला नाहीं.

आजकाल संगणकाला जोडतां येणारीं लहानशीं ग्राहक यंत्रें मिळतात. पूर्वी जें काम नळ्या, गुंडाळ्या आणि संधारक करीत, तें त्यांत बहुतांशीं संगणकाचा प्रोग्रॅम गणितानें करतो, आणि पडद्यावर निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या जागीं उजळ रेघा दिसतात. आमच्या वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांना याचा नाद आहे त्यांना पडद्यावर नको असलेल्या रेघांचें रान माजलेलें पाहून यंत्रच बिघडलें असें वाटतें. त्यांनींहि जान्स्कीचाच प्रश्न विचारावा. एरियल काढून टाकावें. रेघ तशीच राहिली तर ती यंत्रांतून किंवा संगणकाच्या केबलमधून येत आहे. गेली तर बाहेरची. मग संगणक बॅटरीवर चालवून वडील माणसांच्या संमतीनें घरचा मुख्य स्विच बंद करावा आणि नंतर एकेक वस्तु पुन्हां सुरू करावी. पुष्कळदां चोर मोबाइलच्या चार्जरांत किंवा एल्‌ईडी दिव्यांत सांपडतो. आणखी एक खोटी रेघ असते ती अतिलोभाची. ग्राहकाचा गेन भरमसाट वाढविला म्हणजे जवळच्या जबर स्टेशनानें यंत्र गुदमरतें व मुळांत नसलेल्या रेघा स्वतःच निर्माण करतें. गेन थोडा कमी करतांच जी रेघ खऱ्या स्टेशनांपेक्षां कितीतरी झपाट्यानें खालीं जाते, ती बाहेरची नव्हे असें समजावें.

पुन्हां होमडेलकडे वळूं. १९३१ च्या डिसेंबरांत व १९३२ च्या आरंभीं ही सूं-सूं सूर्याच्या दिशेनें येत असल्यासारखी दिसली. सकाळीं ती पूर्वेकडे, दुपारीं दक्षिणेकडे, सायंकाळीं पश्चिमेकडे. दुसऱ्या कोणीं सूर्याचें नांव लिहून फाईल बांधली असती. जान्स्कीनें नोंदी चालू ठेवल्या. आठवड्यामागून आठवडे गेले तशी ती जागा सूर्याच्या पुढें सरकूं लागली. दररोज सुमारें चार मिनिटें लवकर. महिन्याला दोन तास. बारा महिने भरले तेव्हां तिनें पुरा फेरा करून सूर्याला पुन्हां गांठलें.

चार मिनिटांचा हा हिशेब पंचांग पाहणाऱ्या घरांत नवा नाहीं. कोणतेंहि नक्षत्र आज ज्या वेळीं उगवतें त्याहून उद्यां सुमारें चार मिनिटें आधीं उगवतें, कारण पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां सूर्याभोंवतींहि पुढें सरकत असते. सूर्याचा दिवस २४ तासांचा, परंतु ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. जान्स्की ज्योतिर्विद नव्हता. ज्योतिषाचा अभ्यास केलेल्या स्केलेट या सहकारी मित्रानें त्याला ताऱ्यांच्या कोष्टकांची वाट दाखविली, आणि उलगडा झाला. सूं-सूं पृथ्वीवरची नव्हे, सूर्याचीहि नव्हे. ती धनू राशीच्या बाजूनें, आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य धनू राशींतून जात असतो, आपल्याकडील धुंधुरमासाचे तेच दिवस. म्हणून प्रथम दोघे एका जागीं दिसले होते. वैशाखांतील उत्तररात्रीं दक्षिणेस वृश्चिकाच्या नांगीपलीकडे आकाशगंगेचा जो रुंद, दाट पट्टा दिसतो, तीच ही जागा. आकाशगंगेचा मध्य आपल्यापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर आहे.

नशिबानेंहि त्याला हात दिला हें नमूद केलें पाहिजे. १९३२-३३ चा काळ सूर्यावरील डाग अगदीं कमी असण्याचा होता. अशा वेळीं वातावरणाचा विद्युद्भारित थर विरळ असतो व या लांबीच्या लहरी बाहेरून आंत सहज उतरतात. चारपांच वर्षें उशीर झाला असता तर दिवसाच्या नोंदी अशा स्वच्छ उमटल्या नसत्या.

१९३३ च्या एप्रिलांत वॉशिंग्टन येथील एका सभेंत त्यानें आपला निबंध वाचला. शीर्षक इतकें सौम्य ठेवण्यांत आलें होतें कीं श्रोत्यांपैकीं थोड्यांनाच त्याचें महत्त्व उमगलें. परंतु ५ मे १९३३ रोजीं न्यूयॉर्क टाइम्सनें ही बातमी पहिल्या पानावर छापली, आणि त्याच महिन्यांत रेडिओवरून होमडेलची ती सूं-सूं श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकविण्यांत आली. वाफ निसटावी तसा तो आवाज! लोकांनीं कौतुक केलें व दुसऱ्या दिवशीं ते आपापल्या कामाला लागले.

खरी खंत पुढेंच आहे. १९३५ सालीं जान्स्कीनें आणखी एका निबंधांत ही सूं-सूं सबंध आकाशगंगेंतून येते असें दाखविलें. पण तेथेंच त्याचें हें काम थांबलें. कंपनीच्या दृष्टीनें प्रश्न सुटला होता. तारे बंद करण्याचें बटण कोणापाशीं नव्हतें. मंदीचे दिवस होते. ज्योतिर्विदांना रेडिओ येत नव्हता आणि रेडिओवाल्यांना ज्योतिष. जान्स्कीला दुसऱ्या कामांवर घालण्यांत आलें. त्याला मुद्दाम अडविलें काय, यावर पुढें वाद झाला. थोरल्या भावाचा सूर तक्रारीचा होता. उलट फ्रीस यांनीं १९६५ सालीं लेख लिहून आपण त्याला अडविलें नाहीं असें प्रतिपादन केलें. आमच्या मतें दोष एका माणसाच्या माथीं मारण्यासारखा नाहीं. ज्या शास्त्राला अजून नांवच नव्हतें त्यासाठीं पगार द्यावयास त्या काळीं कोणी बसलेलें नव्हतें. तो धागा १९३७ सालीं ग्रोट रेबर या तरुण इंजिनिअरनें उचलला. त्यानें इलिनॉय राज्यांतील व्हीटन येथें, घराशेजारच्या मोकळ्या जागेंत, पदरच्या पैशानें ३१ फूट व्यासाची तबकडी बांधली आणि आकाशाचे पहिले रेडिओ-नकाशे काढले.

दुसऱ्या महायुद्धांत जान्स्कीनें शत्रूच्या पाणबुड्यांचे बिनतारी संदेश कोणत्या दिशेनें येतात हें हुडकणाऱ्या यंत्रांवर काम केलें. प्रकृति मात्र ढासळत गेली. १४ फेब्रुवारी १९५० रोजीं रेड बँक येथें वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. मागें पत्नी ॲलिस व दोन मुलें राहिलीं. नांवाजण्याजोगें पारितोषिक त्याच्या वांट्यास हयातींत आलें नाहीं.

त्याच होमडेलमध्यें, त्याच कंपनीच्या नोकरींत, १९६४ सालीं पेंझियास व विल्सन या दोघांना दुसरी एक सूं-सूं छळूं लागली. ती तर सर्व दिशांनीं सारखीच येई, त्यामुळें एरियल फिरवून निवाडा होईना. त्यांनीं द्रवरूप हेलियमनें थंड केलेल्या उगमाशीं तिची तुलना केली, एरियलच्या कर्ण्यांत शिरलेल्या कबुतरांची घाण खरडून काढली, तरी ती राहिलीच. ती विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेली ऊब होती, आणि त्या शोधाबद्दल दोघांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

१९७३ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघानें आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींची तीव्रता मोजण्याच्या मापाला जान्स्की हें नांव दिलें. हें माप इतकें बारीक आहे कीं एक वॅटच्या आंकड्यांत तें लिहूं गेल्यास दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यें देऊन मग एक लिहावा लागतो. तेंहि एका चौरस मीटरवर, व कंपनसंख्येच्या एका हर्ट्झमागें. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत पसरल्या आहेत, आणि त्यांनीं टिपलेल्या लहरींचें गणित आतां संगणकच करतात. विजेच्या तारा व मोबाइल यांची खरखर वेगळी काढण्याचें काम तेथेंहि चुकत नाहीं. तें झाल्यावर जें उरतें, त्याचे आंकडे जान्स्कीच्या हजाराव्या अंशांत लिहिले जातात.